इंदूरचे केस आणि गोचिडीचं सिमेंट

१३ मार्च १९८८, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. थोर माणूस गेल्यावर लोक त्याची रोजनिशी शोधायला माळे उपसतात. माझ्या बाबतीत कुणाला तो त्रास नको.

संकल्प : पहाटे उठणे. चहा दोनदाच. दाजींच्या चपला न विचारता न घालणे. लग्न.

शेवटचा संकल्प गंभीर आहे. काल रतिलालनाना स्थळ घेऊन आले. सोयरिकी जुळवण्यात नाना खान्देशात नंबर एक. स्थळ धुळ्याचं. मुलगी कुंदा. वडील आधारआप्पा, स्वतःची पिठाची गिरणी, गिरणीवर माडी, एकुलती एक लेक. घरजावई चालेल. चालेल काय, हवाच आहे. मी नानांना तिथल्या तिथे सांगितलं, माझी तत्त्वं आड येणार नाहीत.

फोटो पाहिला. परत पाहिला. मुलगी गिरणीच्या दारात उभी, भुवयांवर पीठ, आणि फोटोग्राफरलाच हसतेय. आजवर पुष्कळ फोटो पाहिले, पण छातीत असं कधी झालं नव्हतं. आधी वाटलं, सकाळच्या भरिताचा परिणाम. नाही. प्रेमच आहे.

पाहण्याचा कार्यक्रम १० एप्रिलला. हे कळल्यावर दाजींनी मला मिठी मारली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, लताअक्काचे यजमान, निंबादाजी. केळीच्या वखारीत मुनीम. मी त्यांच्याकडे जळगावजवळ पिंप्राळ्याला चार दिवसांसाठी आलोय, भाचीच्या बारशाला. भाची आता पाचवीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दाजींची बहीण पार्वताबाई माहेरपणाला येणार, तिला माडीवरची खोली लागेल, असं दाजी हल्ली वारंवार सुचवतात. माडीवरची खोली म्हणजे माझी खोली. पाहुण्याला देव मानायचे दिवस गेले.

१४ मार्च, सोमवार

उठायला नऊ वाजले. पहाट ही शेवटी मनाची अवस्था आहे.

एक तांत्रिक अडचण. केस. माझे केस उत्तम आहेत, खास इंदूरहून आणलेले आहेत. मधे भांग, मागे किंचित कुरळे, आतून बारीक जाळी. फक्त डोक्यावर टिकत नाहीत. मूळचे केस बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी गेले. बी.एस्सी.ही त्याच वर्षी गेली.

डिंक लावून पाहिला. पांढरा गम लावून पाहिला. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून पाहिलं. पण आमच्याकडे मार्चमध्येच उन्हात पापड भाजून निघतो. घाम सुटला की केस निघाले कानाकडे. गेल्या वर्षी चाळीसगावला मुलगी बघायला गेलो होतो, तर यजमानांनी आदराने पंखा पाचवर केला. पुढचं लिहीत नाही. केस त्यांच्या कुत्र्याने मात्र परत आणून दिले. संस्कारी घर होतं. नकार आला.

कुंदासमोर असं होऊन चालणार नाही. नाना म्हणतात, हे हातचं गेलं तर आता माझ्या झोळीत दुसरं काही नाही.

१६ मार्च, बुधवार

ऐतिहासिक दिवस!

दुपारी अक्का म्हणाली, जरा गौरीला कडबा टाक रे बापा. गौरी म्हणजे दाजींची गाय. टाकला. थकवा आला म्हणून उरलेल्या कडब्यावर आडवा झालो. उठलो तर कानामागे काहीतरी टोचतंय. ओढलं. निघेना. अक्काने ओढलं. दाजींनी ओढलं, जरा जास्तच उत्साहाने. कान लांब झाला, ते निघेना. गोचीड.

सोनवणे डॉक्टर गौरीला इंजेक्शन द्यायला आलेच होते. जनावरांचे डॉक्टर आहेत, पण मोठ्या मनाने त्यांनी मलाही पाहिलं. म्हणाले, ओढू नका, तोंड आत राहील. गोचीड नुसती चावत नाही. चावल्यावर तोंडातून एक रस सोडते, तो तोंडाभोवती घट्ट होऊन बसतो, अगदी सिमेंटसारखा. मग घाम येवो, पाऊस येवो, गाय शेपूट मारो, ती कशालाच दाद देत नाही. एवढं बोलून त्यांनी चिमट्याने कातडीजवळ धरून सावकाश काढली. पोट भरल्यावर गोचीड काय करते, तेही पुढे काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात चहा आला.

घाम, पाऊस, शेपूट. कशालाच दाद देत नाही!

चहा गार झाला तरी मी बशीकडे बघत होतो.

१७ मार्च, गुरुवार

योजना तयार. गोचिडीपासून गोंद. माझं नाव लीलाधर, म्हणून गोंदाचं नाव 'लीलाबंद'. जाहिरात : 'एकदा चिकटला की चिकटला!' अक्काला ऐकवली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, खरंय बापा. दाजी पेपरमागे बराच वेळ खोकत होते.

पुढे चपलांचा कारखाना, विमानाचे पंख, सगळं आहेच. पण पहिला मान इंदूरच्या केसांचा.

२० मार्च, रविवार

आज गौरीच्या अंगावरच्या गोचिडी गोळा केल्या. कानात, मानेखाली, शेपटाच्या बुडाशी. लोणच्याची रिकामी बरणी भरत आली. मला सकाळी सकाळी गोठ्यात बघून दाजी दारातच थबकले. अक्काला हाक मारून म्हणाले, 'पोरगं सुधरलं वं!' शेजारच्या मंदाबाई कौतुकाने बघून गेल्या आणि त्यांनी आपल्या दोन शेळ्याही माझ्याकडे पाठवून दिल्या. गोचिडी कशाला ते कुणालाच सांगितलं नाही. संशोधकाने गुप्तता पाळायची असते.

बरणीत भाकरीचा तुकडा टाकला. गोचिडींनी तोंड लावलं नाही. बाकीची भाकरी मी खाल्ली.

२२ मार्च, मंगळवार

रस काढायचा कसा? गोचिडी बशीत सोडून चावायला रबर दिलं. नाही चावल्या. चामडं दिलं. (दाजींची डावी चप्पल. संकल्प न घालण्याचा होता. चप्पल घातलेली नाही.) नाही चावल्या. शेवटी अक्काच्या खलबत्त्यात घालून कुटल्या, वर थोडा बाभळीचा डिंक. जे तयार झालं ते चिकट होतं यात शंका नाही. पण त्या वासाने मांजर घर सोडून गेलं.

अक्काला कळलं. आधी खलबत्ता अंगणात आला, मागोमाग मी. निषेध म्हणून संध्याकाळच्या जेवणावर बहिष्कार टाकला. अक्काने ताट झाकून ठेवलं होतं. अन्नाचा अपमान नको म्हणून बहिष्कार मागे.

२५ मार्च, शुक्रवार

बरणीचं झाकण कुणीतरी उघडं ठेवलं. (मीच.) वखारीत गिऱ्हाईक समोर उभं असताना दाजींनी एकाएकी शर्ट काढून फेकला म्हणे. बेंबीत गोचीड. घरी येऊन जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं शास्त्रीय होतं : 'अरे, गोचीडसुद्धा पोट भरलं की सुटते!' मी लगेच विचारलं, म्हणजे नक्की केव्हा? दाजी उठून गौरीपाशी जाऊन उभे राहिले.

सोनवणे डॉक्टर परत आले, या खेपेला दाजींसाठी. मी खोदून खोदून विचारलं. बशीत रस मिळणार नाही. जिवंत कातडीला चावल्याशिवाय गोचीड सिमेंट करतच नाही. अजून एक गंमत सांगितली. काही गोचिडींना जन्मात तीन घरं लागतात. एका जनावरावर पोट भरलं की खाली पडायचं आणि गवतावर चढून बसायचं. दुसरं जनावर जवळून गेलं की त्याला धरायचं. मग तिसरं. स्वतः शोधायला कुठेही जात नाही. येईल कुणीतरी, म्हणून नुसती बसून राहते. केवढी श्रद्धा! मला भरून आलं.

पोट भरायला किती दिवस लागतात, ते विचारायचं राहिलं. पण माझा अनुभव असा की, घर चांगलं असेल तर वर्षं लागतात.

डॉक्टर म्हणाले, जपा, गोचिडीने माणसालाही ताप येतो. डॉक्टर लोक घाबरवणारच.

आणि ते पायऱ्या उतरत असतानाच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रस काढायचा कशाला? अख्खी गोचीडच वापरायची! केसांना आतून जाळी आहेच. जाळीच्या भोकातून गोचिडीचं तोंड खाली, माझ्या डोक्यात. अंग जाळीच्या वर. भिंतीत खिळा ठोकून कॅलेंडर लावतात, तसे केस!

२७ मार्च, रविवार

चाचणी. मच्छरदाणीचा तुकडा हातावर ठेवला, त्यावर एक गोचीड. तासाभरात तिने पकड घेतली. चावलं, पण शोधाच्या मानाने काहीच नाही. संध्याकाळी तुकड्याच्या टोकाला माडीच्या खोलीची किल्ली बांधली आणि हात उलटा केला. किल्ली लोंबकळली! सुटली नाही! मी आनंदाने ओरडलो. अक्का धावत वर आली, म्हणाली, बरी सापडली, ती किल्ली दे इकडे, पार्वताबाईची खोली झाडून ठेवते.

'पार्वताबाईची' हा शब्द लागला. पण जाऊ दे. मी तर धुळ्याचा माणूस.

(मच्छरदाणी कुणाची, ते दाजींना झोपताना कळेल.)

३ एप्रिल, रविवार

आज केस बसवले. दार लावून, आरशासमोर. मंदाबाईंच्या शेळ्यांवरच्या निवडक, तगड्या गोचिडी. कपाळाच्या कडेने एक ओळ, कानांवर दोन्हीकडे, मागे मानेवर. अख्खी दुपार गेली. गोचिडीला घाई नसते. तिचा हा गुण मला फार आवडतो.

कार्यक्रम पुढच्या रविवारी, मग केस आजच का? इथेच बुद्धी लागते. गवंडी स्लॅब टाकल्या टाकल्या त्यावर नाचतो का? आठवडाभर पाणी मारतो. हेही सिमेंटच. म्हणून आठवडाभर केस डोक्यावरच ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. दहा तारखेपर्यंत काँक्रीट!

५ एप्रिल, मंगळवार

नानांच्या लूनावर मागे बसून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. तोंडावर सणसणीत वारा. एक केस हलला नाही! नाना म्हणाले, लीलाधर, आज डोकं धरून नाही बसला? मी गूढ हसलो. परत येताना रस्त्यातल्या खड्ड्यांतून मुद्दाम न्यायला लावलं. नानांची टोपी उडाली. माझे केस जागच्या जागी.

खाज आहे. खाजवता येत नाही. कुंदाचा फोटो काढून बघतो, मग सहन होते.

७ एप्रिल, गुरुवार

अंगात कणकण. प्रेमाची असावी. अक्का पालक निवडत होती, तिला विचारलं, धुळ्याला उन्हाळ्यात माडीवर झोपायला बरं वाटत असेल ना? ती म्हणाली, लीलाधर, तिथे गिरणीला हात तर लावशील ना रे थोडा? मी म्हटलं, मी व्यवस्थापन बघेन. अक्काने पालक परत निवडायला घेतला. निवडलेलाच.

९ एप्रिल, शनिवार

चमत्कार. केस उंच होत आहेत! जाळी डोक्यापासून चांगली बोटभर वर आलीय. एकदम रुबाब. चाचपलं तर आतून सगळं टपोरं, मऊ मऊ लागतं. फुगतंय म्हणजे पकड वाढतेय. अक्का म्हणते, चेहरा पांढराफटक पडलाय. तिला गोरा म्हणायचं असावं.

उद्या! कुंदा, तू फक्त पोहे कर. बाकी सगळं पक्कं आहे.

१० एप्रिल, रविवार. सुरुवात एसटीत, उरलेलं घरी.

क्रमाने लिहितो, नाहीतर पुढच्या पिढ्यांचा गोंधळ होईल.

मी, अक्का, दाजी, नाना. एसटीत मुद्दाम खिडकी धरली, एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत डोकं बाहेर. केस जागेवर. आप्पांच्या माडीवर गाद्या घातलेल्या, आप्पा आणि त्यांचे चार भाऊ पांढऱ्या टोप्या घालून ओळीने बसलेले. पंखा पाचवर. मी आपण होऊन बरोबर त्याच्याखाली जाऊन बसलो. दाजींनी डोळे मिटले. काही झालं नाही! मी पंख्याकडे वर बघून हसलोसुद्धा.

कुंदा पोहे घेऊन आली. फोटोपेक्षा कितीतरी छान. तयार होताना घाई झाली असावी, कोपरापाशी पीठ तसंच. तिने एकच प्रश्न विचारला, गिरणीचा पट्टा सुटला तर चढवता येईल का? मी म्हटलं, मी आल्यावर पट्टा सुटणारच नाही. ती हसली. मला वाटलं, झालं, जमलं. इतकं सुख एकदम अंगावर आलं की पोह्यांचा चमचा हातातच राहिला.

तेवढ्यात पोह्यांत वरून काहीतरी पडलं. टप्. गोल, करडं, एरंडीच्या बीएवढं.

शेजारी आप्पांचे भाऊ रुपचंदकाका बसले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझ्या डिशमध्ये वाकून म्हणाले, 'पोहासमां मनुका टाक्यात का वं कुंदा?'

मनुका चालायला लागली. मी प्रसंगावधान राखून तिच्यावर कोथिंबीर सारली. ती कोथिंबीर घेऊन चालायला लागली.

दुसरी कॉलरमध्ये पडली. तिसरी अक्काच्या पदरावर. डोकं हलकं हलकं वाटायला लागलं, एकेक खिळा गळतोय तसं. आणि माझ्या लक्षात आलं. पोट भरलं यांचं! वर्षं लागतील असा माझा हिशेब, आणि ह्यांना एका आठवड्यात पुरलं! इतकं अल्पसंतुष्ट जनावर मी जन्मात पाहिलं नाही.

तरी निभावलं असतं. पण आप्पा खूश होते. त्यांनी आत हाक मारली आणि ताट आलं. टोपी, टॉवेल, नारळ.

मी वाऱ्याचा विचार केला होता. घामाचा केला होता. पंख्याचा केला होता. खान्देशात सगळा जन्म काढून टोपीचा विचार केला नव्हता! पाहुण्याच्या डोक्यावर नवी कोरी टोपी दाबून बसवल्याशिवाय आमच्याकडे यजमानाला चैन पडत नाही. आणि भाऊ पाच असले की टोप्याही पाच. एकाने घालायची, दुसऱ्याने ती उतरवून आपली घालायची. मी स्वतः किती लग्नांत किती टोप्या मिळवल्या आहेत. माझ्या ट्रंकेत अजून आहेत.

पहिली टोपी आप्पांनी घातली. केस उंच, टोपी बसेना. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली, आणि हात गिरणीवाल्याचे. आत काहीतरी फुटलं. कपाळावरून लाल ओघळ आला. आप्पांची बहीण कुंकवाची वाटी घेऊन उभीच होती. ती म्हणाली, 'मी ते आजून कुंकू लावं नही, हाई कोनी लायं वं?'

मग रुपचंदकाका उठले. त्यांनी आप्पांची टोपी माझ्या डोक्यावरून उचलली. टोपीबरोबर केस गेले. सगळेच्या सगळे, जाळीसकट. काकांना दिसलं नाही. एका हातात आपली नवी टोपी, एका हातात उतरवलेली. ती ठेवायची कुठे? त्यांनी ती शेजारच्या रतिलालनानांच्या उघड्या डोक्यावर घालून दिली. नाना जन्माचे टकले. एका क्षणात नानांच्या मानेवर कुरळे केस आले आणि कपाळावर भांग.

सगळी माडी एकदा नानांकडे बघे, एकदा माझ्याकडे. नानांना कळेना, ते नम्रपणे सगळ्यांना नमस्कार करत होते. उरलेल्या गोचिडी सतरंजीवर टप् टप् पडत होत्या.

पहिली हसली ती कुंदा. आधी तोंडात पदर कोंबून, मग पदर सोडून, मग खांबाला धरून. तिची आत्या तिला गप्प करायला गेली आणि स्वतःच खाली बसली. मला लाज वाटायला हवी होती. पण मला एवढंच वाटत होतं की हे हसू रोज ऐकायला मिळणार असेल तर मी असाच, उघड्या डोक्याने, धुळेभर फिरेन.

आणि मग आप्पांनी आपली टोपी काढली. टक्कल! काकांनी काढली. टक्कल! ओळीने पाची भाऊ, पाची चकचकीत. आप्पा डोळे पुसत म्हणाले, 'पाव्हना, आठे बठ्ठास्ना डोका असाच शेतस. तुम्हनी चाळीसगावनी गोट आम्हले पहिलेपासून माहीत शे. केससनं काय ली बसनात!'

चाळीसगावची गोष्ट आधीपासून माहीत होती! आणि तरी पोहे केले होते!

मला इतकं मोकळं वाटलं की मी उभाच राहिलो. नव्या टॉवेलने कपाळ पुसलं आणि सगळ्यांना माझा शोध समजावून सांगितला. भाऊ माना डोलवत ऐकत होते. कुंदा पुढे येऊन बसली. मी सिमेंट सांगितलं, चिकाटी सांगितली, तीन घरं सांगितली. एका घरी पोट भरलं की दुसरं, मग तिसरं. स्वतः धडपड नाही, वणवण नाही, कुणी जवळून जाईस्तोवर शांत बसून राहायचं. सतरंजीवरची एक गोचीड तळहातावर घेऊन दाखवली.

कुंदाने विचारलं, 'तुम्ही जळगावच्या आधी कुठे होता?'

मी म्हटलं, आधी मुक्ताईनगरला, थोरल्या कौतिकभाऊकडे. तिथलं आटोपल्यावर अक्काकडे. आणि आता... असं म्हणून मी दोन्ही हात पसरून सगळी माडी दाखवली.

कुंदा माझ्या तळहाताकडे बघत होती. अक्का सतरंजीकडे. दाजी पंख्याकडे. बहुधा भारावले असावेत.

उरलेल्या टोप्या घालायचं राहूनच गेलं.

१३ एप्रिल, बुधवार

सोनवणे डॉक्टरांनी डोकं साफ केलं. दोन गोचिडी अजून आतच होत्या, त्या चिमट्याने काढल्या. म्हणाले, डोक्यात खड्डे पडलेत, भरून येतील.

दुपारी नाना आले, निरोप घेऊन. आप्पा म्हणाले म्हणे, माणूस गमतीचा आहे. कुंदा म्हणाली म्हणे, टकलाचं मला काही नाही, इतकी मी कधी हसले नव्हते. पण तिसरं घर त्यांनी दुसरीकडे बघावं.

तिसरं घर म्हणजे काय ते कळलं नाही. पत्रिकेतलं असावं. तिसऱ्या घरात माझा मंगळ आहे का ते नानांना विचारलं. नाना चहा न पिता गेले.

१६ एप्रिल, शनिवार

नानांनी केस आणून दिले. धुळ्याहून आले. स्वच्छ धुतलेले, तेल लावून विंचरलेले. जाळी उलटून पाहिली तर आतून कडेने बारीक इलॅस्टिक शिवलेलं. टाके इतके सुबक की बाहेरून कळतसुद्धा नाही. कुणी शिवलं, ते नानांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. टाक्यांत एका ठिकाणी पीठ होतं.

घालून पाहिले. पंखा पाचवर केला. मान हलवली. उलटा वाकलो. हलत नाहीत.

आरशासमोर बराच वेळ बसलो. मग काढून ट्रंकेत ठेवले, टोप्यांच्या खाली.

१९ एप्रिल, मंगळवार. आखाजी.

माडीवर पार्वताबाई. मी ओसरीवर. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधलाय, भाची आणि मंदाबाईंच्या मुली सकाळपासून गाणी म्हणताहेत. खोली सोडताना दाजींनी माझी ट्रंक स्वतः खाली आणली आणि ओसरीवर ठेवली. अजून थोडी पुढे, पायरीपाशी ठेवू का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं असावं. नाही ठेवली.

दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या. आमरस. पार्वताबाईचा हात या पोळीत उत्तम आहे. दाजी माझ्या शेजारी बसले होते. अक्का दुसरी पोळी वाढायला आली. मी म्हटलं, नको अक्का. झालं माझं.

दाजींचा घास हातातच राहिला. पार्वताबाई चुलीपासून उठून दारात आली. अक्काने पोळी होती तशी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला, आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, 'अहो, ह्याला ताप चढला! डॉक्टरांना बोलवा!'

दाजी ताटावरून उठून सोनवणेंना घेऊन आले. डॉक्टरांकडे थर्मामीटर जनावरांचाच. तपशील लिहीत नाही. ताप निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, दुखतंय का कुठे? मी म्हटलं, नाही. ते खरं नव्हतं, पण जिथे दुखत होतं तिथे त्यांचा थर्मामीटर जात नाही.

अक्का पदराने डोळे पुसत होती. तिच्या समाधानासाठी दुसरी पोळी घेतली. मग तिसरी.

उद्या पहाटे उठून आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत जाणार होतो, पट्टा कसा चढवतात ते बघायला. पण ही पोळी फार जड असते. परवा जाईन.